टाके पडण्याआधीचे सहा आठवडे

पहिलटकरणींपैकी दहातल्या नऊ जणींना नॉर्मल बाळंतपणात कुठेतरी खरचटतं, फाटतं किंवा डॉक्टरांना छेद द्यावा लागतो, असं ब्रिटनमधलं प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज सांगतं. बहुतेकींची जखम कातडीपुरती किंवा आतल्या स्नायूपर्यंतची असते आणि काही आठवड्यांत भरून येते. पण तिथल्याच आकड्यांनुसार शंभरातल्या सहा पहिलटकरणींची फाट गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचते. ही तिसऱ्या दर्जाची फाट. आतड्याच्या अस्तरापर्यंत गेली, तर चौथ्या दर्जाची. मग काही जणींना गॅस रोखता येत नाही, कधी शौचावरचा ताबा जातो, आणि हे दुखणं बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत.

सगळ्या फाटी टाळता येत नाहीत. बाळ चार किलोंच्या वर असलं, त्याचं तोंड पोटाच्या बाजूला वळलेलं असलं, जोर द्यायचा काळ लांबला किंवा चिमटा लावावा लागला, की धोका वाढतो. यातलं काहीच बाईच्या हातात नसतं. जे हातात असतं, त्याला शेवटचे पाच-सहा आठवडे लागतात, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात नेमके तेच आठवडे हरवतात.

भोसरी, मोशी, खराबवाडी, म्हाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून आलेली तरुण जोडपी राहतात. घरात थोरलं माणूस नसतं. बाई स्वतः कंपनीत असेल, तर शिफ्ट, बस आणि तासन्‌तास उभं राहणं आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत चालूच. तपासण्या चिंचवडच्या तालेरा रुग्णालयात, पिंपरीच्या वायसीएममध्ये किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात होतात, आणि पहिलं बाळंतपण मात्र माहेरी, दुसऱ्याच जिल्ह्यात. इथल्या डॉक्टरांना वाटतं तिथले सांगतील. तिथे ती पोहोचते तेव्हा दिवस भरत आलेले असतात.

सांगायला हवी ती गोष्ट साधी आहे. योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला ताणाची सवय करायची. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा, पाच ते दहा मिनिटं. नखं कापून हात स्वच्छ धुवायचे. कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर उशीला टेकून, गुडघे दुमडून बसायचं. नारळाचं किंवा बदामाचं, सुगंध न घातलेलं तेल अंगठ्यांना लावायचं. अंगठे योनीत तीन-चार सेंटिमीटर आत ठेवून आधी खाली, गुदद्वाराच्या दिशेने, मग दोन्ही बाजूंना हळूहळू दाबायचं आणि मिनिट-दोन मिनिटं तसंच धरायचं. ताण आणि थोडी चुरचूर जाणवेल. दुखलं, तर थांबायचं. पोटामुळे हात पोहोचत नसेल, तर बाईची इच्छा असल्यास नवऱ्याने मदत करायला हरकत नाही. वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा खाज, संसर्ग असेल, तर हे करायचं नाही. सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावंच.

याचा उपयोग किती? कॉक्रेन या संस्थेने चार चाचण्यांमधल्या सुमारे २,५०० स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. पहिल्यांदाच योनीमार्गे बाळंत होणाऱ्या पंधरा जणींनी मसाज केला, तर एकीचे टाके वाचतात, असा हिशेब निघाला. छेद देण्याचं प्रमाणही घटलं. आठवड्यातून जास्त वेळा केल्याने जास्त फायदा झाला, असं मात्र दिसलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या फाटीही कमी झालेल्या आढळल्या नाहीत. फायदा लहान आहे, पण खर्च जवळजवळ नाही.

तेलाचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवव्या महिन्यात योनीत तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला बोळा, ठेवायला सांगितलं आहे, तो मार्ग स्निग्ध व्हावा म्हणून. आज मात्र निर्जंतुक न केलेला बोळा घरच्या घरी ठेवणं धोक्याचं. बाळंतिणीच्या मालिशीचा घरोघरी एवढा बोलबाला असतो. बाळंतपणाआधी याच भागाकडे लक्ष द्यायला हवं, हे पोरीला कुणी सांगत नाही. संकोच आड येतो.

उरलेलं काम प्रसूतिकक्षाचं. जोर देताना त्या जागेवर गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड धरलं, की गंभीर फाटी कमी होतात. हे कॉक्रेनच्याच दुसऱ्या आढाव्यात दिसलं आहे. डोकं दिसू लागलं, की जोर थांबवून तोंडाने छोटे छोटे श्वास घ्यायचे आणि सिस्टरने हाताचा आधार देत डोकं सावकाश बाहेर येऊ द्यायचं. ‘जोर लाव, जोर लाव’ हा आरडाओरडा त्या क्षणी घातक ठरू शकतो.

आणि कट, म्हणजे तो छेद. पहिलटकरणीला तो द्यायचाच, ही आपल्याकडची जुनी रीत. सरसकट कट देण्याने फायदा होत नाही, हे अर्जेंटिनातल्या २,६०६ स्त्रियांच्या चाचणीने १९९३ मध्येच दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरसकट कट नाकारला. बाळाचे ठोके घसरले किंवा चिमटा लावावा लागला, तर कट लागू शकतो. तो निर्णय त्या वेळचा असतो. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला, माहेरच्या दवाखान्यातसुद्धा, विचारून ठेवावं: इथे कट सगळ्यांना देतात का? गरम शेक देता का? कुशीवर झोपून जोर देता येईल का? सोबत घरची बाई थांबू शकेल का? सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातले ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. कंत्राटी कामगार बाईचं ईएसआय भरलं जात असेल आणि हप्त्यांचे दिवस पुरे असतील, तर तिलाही एवढ्याच काळाचा लाभ आहे. बहुतेक जणी सगळी रजा बाळासाठी राखून ठेवतात. ते समजण्यासारखं आहे, तरी चार-पाच आठवडे आधीचे घ्यावेत. माहेरी वेळेत पोहोचता येतं, तिथल्या डॉक्टरांशी ओळख होते, मसाजालाही निवांतपणा मिळतो.

एवढं करूनही मोठी फाट झालीच, तर ती त्याच वेळी ओळखून ऑपरेशन थिएटरमध्ये शिवणं महत्त्वाचं. नीट शिवल्यावर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना वर्षभराने काहीच त्रास उरत नाही, असं रॉयल कॉलेज म्हणतं. फाट कितव्या दर्जाची होती, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत ते कार्ड डॉक्टरांना दाखवावं.