कटआउटची कडा आणि कॅटलॉगचा खर्च

कोणताही कॅटलॉग उघडून पाहा. पर्स, पाकीट, पट्टा, अत्तराची कुपी, जी काही वस्तू असेल ती पानावर एकटी उभी असते. तिच्यामागचे टेबल, पडदा किंवा दुकानातील फळी दिसत नाही. वस्तूच्या कडेने एक बंद रेघ आखून तिच्याबाहेरचा भाग झाकून टाकलेला असतो. फोटोच्या फाईलमध्येच साठवलेली ही रेघ म्हणजे क्लिपिंग पाथ होय, आणि अशा फोटोला छपाईच्या धंद्यात कटआउट म्हणतात. घरच्या एका संगणकावर होणारे हे काम असल्याने तरुण मुले-मुली त्याकडे वळतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीही आम्ही हे लिहीत आहोत, कारण ही रेघ चुकली की काय किंमत पडते ते आम्ही एकदा मोजून पाहिले आहे.

काम जुनेच आहे. संगणकापूर्वी फोटोच्या प्रिंटवर वस्तूभोवती ब्रशने पांढरा रंग भरत, नाहीतर लाल पातळ फिल्म वर चिकटवून ती धारदार पातीने वस्तूच्या आकाराची कापत. लालच का, तर छपाईच्या कॅमेऱ्यातील फिल्मला लाल रंग दिसत नसे. तिच्या लेखी तो काळाच. हात थरथरला की काम गेले. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात पेन टूल व पाथ आले. त्यातील वळणदार रेघेला बेझिए यांचे नाव आहे. हे गृहस्थ रेनो या फ्रेंच मोटार कंपनीत अभियंता होते आणि मोटारीच्या बॉडीची वळणे गणितात बसवण्यासाठी त्यांनी ही पद्धत वापरात आणली. मोटारीचा पत्रा आणि पर्सची कडा, दोन्ही एकाच हिशेबाने वळतात!

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी धारावीतील एका चर्मवस्तूंच्या व्यापाऱ्यांनी 24 पानी कॅटलॉग काढला. पाने आणि छपाई यांवर देखरेख करण्याचे काम आमच्याकडे होते. कटआउट मुंब्र्याच्या एका मुलाने केले होते, नगावर, सरसकट एकाच दराने. सर्व फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले आणि पानेही पांढरीच ठरलेली. शेवटच्या दिवशी मधल्या आठ पानांना गडद मरून रंग द्यावा असे व्यापाऱ्यांना वाटले. आम्ही रंग भरला, ऑफिसच्या लहान प्रिंटरवर एक प्रत काढली, हातभर अंतरावरून पाहिली आणि सही केली.

छापून आले तेव्हा लेडीज पर्सच्या भोवती केसाएवढी पांढरी किनार दिसत होती. त्याहून वाईट म्हणजे हँडलच्या आतल्या पोकळीत पांढरा कागद तसाच राहिला होता. अकरा पर्स, दोन हजार प्रती. पांढऱ्या पानावर या चुका कुणालाही दिसल्या नसत्या, मरूनवर त्या ओरडून सांगत होत्या.

व्यापाऱ्यांनी आधी त्या मुलाचे पैसे अडवले. आम्हाला ते पटले नाही. मुलाची चूक होतीच. पण पार्श्वभूमी बदलली हे त्याला कुणी कळवले नव्हते, आणि प्रुफावर सही आमची होती. अखेर असे ठरले की मधल्या आठ पानांचा फॉर्म नव्याने छापायचा, कागद व छपाई व्यापाऱ्यांची, चार नव्या प्लेटा आमच्या खर्चाने, आणि अकरा फोटो मुलाने पुन्हा करून द्यायचे. त्याची मजुरी पूर्ण मिळाली. कॅटलॉग मात्र हंगाम सुरू झाल्यावर हाती आला.

त्यानंतर त्या मुलाशेजारी बसून आम्ही हे काम नीट पाहिले. रेघ वस्तूच्या अगदी कडेवरून न्यायची नसते, एक-दोन पिक्सेल आतून न्यायची असते. 300 च्या रिझोल्यूशनला एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा बारावा भाग. तेवढी वस्तू कापली गेल्याने काही बिघडत नाही, पण बाहेरचा तेवढाच भाग आत आला की किनार दिसते. फोटो दोनशे-तीनशे टक्के मोठा करूनच रेघ आखावी. अँकर पॉइंट कमीत कमी ठेवावेत. नवशिका मुलगा गोल कडेवर पंचवीस टिंबे देतो आणि कडा दातेरी होते. जाणता कारागीर चारपाच टिंबांत तेच वळण गुळगुळीत काढतो. हँडलच्या आतली प्रत्येक पोकळी स्वतंत्र बंद रेघेने वजा करावी लागते. ती राहिली आहे का हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे फोटोच्या खाली एक भडक रंगाचा थर टाकून पाहणे. एवढे केले असते तर आमच्या प्लेटा वाचल्या असत्या.

पाथला नाव देऊन साठवावे आणि मग त्याची क्लिपिंग पाथ म्हणून नोंद करावी; नुसता 'वर्क पाथ' ठेवला तर दुसरा पाथ आखताना तो पुसला जाऊ शकतो. फ्लॅटनेसचा रकाना रिकामा सोडावा. फाईल सीएमवायकेमध्ये टिफ किंवा पीएसडी द्यावी. पीएनजी देऊ नये, त्यात सीएमवायके नसतेच.

दराबाबत आमचे स्पष्ट मत आहे की सरसकट नगाचा दर दोघांनाही मारतो. पाकिटाला सहा टिंबे पुरतात. विणलेल्या पट्ट्याची, गोंडे लावलेली पर्स अर्धा तास खाते. एकच भाव असला की कारागीर गोंड्यांवर हात राखतो, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही. केस, फर, जाळी, काच यांना तर पाथ चालतच नाही; पाथची कडा सुरीसारखी असते, तेथे मास्क करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. सावलीही वेगळी. मूळ सावली पाथबरोबर कापली जाते आणि पर्स हवेत तरंगते. ती पुन्हा तयार करणे हे निराळे काम आहे. ढाक्यात या कामाचे मोठमोठे स्टुडिओ आहेत, युरोप-अमेरिकेचे फोटो तेथे रात्रंदिवस कापले जातात, आणि त्यांच्या दरपत्रकात साधा, मध्यम, अवघड अशा पायऱ्या असतात. आपल्याकडे त्या लावायला हरकत काय?

हे काम आता यंत्रच करते, मग शिकून काय उपयोग, असे आम्हाला विचारले जाते. 2018 नंतर पार्श्वभूमी एका क्षणात काढणाऱ्या सोयी आल्या हे खरे. दुकानाच्या वेबसाईटसाठी, मोबाईलवर पाठवण्यासाठी त्या पुरतात, आणि ते काम हातच्या कारागिराकडून गेले असे समजावे. परंतु ती यंत्रे बहुधा पिक्सेलचा मास्क देतात. त्यावरून पाथ तयार केला तर शिलाईच्या रेषेवर, बकलच्या टोकावर वळण डळमळते, आणि काळी पर्स काळ्या सावलीत असली की कडा कोठे संपली हे यंत्र अंदाजानेच ठरवते. मुंब्र्याचा तो मुलगा आता पहिला हात यंत्राचा घेतो आणि कडा पेनने दुरुस्त करतो. दिवसाचे नग वाढले आहेत, दर उतरला आहे. हिशेब जवळजवळ तेथेच आहे, असे तो म्हणतो.

त्या व्यापाऱ्यांनी पुढच्या वर्षीही त्यालाच बोलावले. या वेळी फिकट पर्स राखाडी कागदावर आणि काळ्या पर्स पांढऱ्यावर ठेवून फोटो काढले, म्हणजे कडा शोधावी लागू नये. पानांचे रंग आधी ठरवून त्याला लिहून दिले. त्याच्या बिलात या वेळी तीन दर होते आणि हँडलच्या पोकळ्यांचा रकाना वेगळा होता. व्यापाऱ्यांनी तो बोट ठेवून मोजला, दोन पोकळ्या जास्त लावल्या आहेत म्हणून थोडी हुज्जत घातली, आणि मग पैसे दिले.