पिकअप ट्रकवरील हिमनांगर

पिकअप ट्रकवरील हिमनांगर (प्रचलित नाव: स्नो प्लाऊ) हे पिकअप ट्रकच्या पुढील बाजूस बसवून रस्ते, वाहनतळ आणि खाजगी वाटा यांवर साचलेला बर्फ बाजूला सारण्याचे उपकरण आहे. अमेरिका व कॅनडा या देशांच्या बर्फाळ प्रदेशांत खाजगी कंत्राटदार, स्थानिक प्रशासन आणि मोठ्या आवाराचे मालक त्याचा वापर करतात. व्यावसायिक कामाच्या हिमनांगराचे वजन साधारणतः ३०० ते ४५० किलोग्रॅम असते आणि हे वजन ट्रकच्या पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेले असते. त्यामुळे एखाद्या ट्रकवर कोणता हिमनांगर बसवता येईल, हे इंजिनाच्या शक्तीपेक्षा पुढच्या आसाच्या भारक्षमतेवर अधिक अवलंबून असते. डिझेल इंजिनाच्या ट्रकमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण जड इंजिनामुळे त्या भारक्षमतेचा मोठा भाग आधीच खर्च झालेला असतो.

इतिहास

घोड्यांनी ओढले जाणारे हिमनांगर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरांमध्ये वापरात आले. मोटार वाहनांचा प्रसार झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ट्रकवर पाते बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. नॉर्वेमध्ये ओवेरोसेन बंधूंनी १९२३ मध्ये मोटार वाहनासाठी हिमनांगर तयार केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपसारखी, चारही चाकांना शक्ती मिळणारी हलकी वाहने नागरी बाजारात आली आणि लहान वाहनांवरील हिमनांगरांना मागणी निर्माण झाली. याच सुमारास मेन राज्यात फिशर आणि विस्कॉन्सिन राज्यात वेस्टर्न या कंपन्यांचा या व्यवसायात उदय झाला. सुरुवातीला पात्याचा कोन हाताने बदलावा लागे. पुढे हायड्रॉलिक सिलिंडर आणि विजेवर चालणारे पंप आल्यामुळे चालकाला आसनावरूनच पाते उचलणे, खाली सोडणे आणि वळवणे शक्य झाले. १९८५ मध्ये मिशिगन राज्यात स्थापन झालेल्या बॉस या कंपनीचे नाव मधोमध दुमडणाऱ्या, ‘व्ही’ आकाराच्या हिमनांगराशी विशेषत्वाने जोडले जाते.

रचना

हिमनांगराचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत:

• पाते: बर्फाला गोलाकार वळवून बाजूला लोटणारा वक्र पत्रा. तो पोलाद, स्टेनलेस पोलाद किंवा पोलादी सांगाड्यावरील प्लास्टिकचा असतो. ट्रकवरील पात्यांची रुंदी बहुधा २.३ ते २.९ मीटर असते.
• धारपट्टी: पात्याच्या खालच्या कडेला बोल्टने जोडलेली, झिजल्यावर बदलता येणारी पट्टी.
• ढकलचौकट: पात्यापासून ट्रककडे जाणारी, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट.
• जोडपट्ट्या: ट्रकच्या चॅसिसला कायम बोल्ट केलेल्या जाड पोलादी पट्ट्या. ढकलचौकट यांनाच अडकवली जाते, त्यामुळे हंगाम नसताना पाते काढून ठेवता येते.
• हायड्रॉलिक संच: १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारा पंप, झडपा, होज आणि सिलिंडर.
• दिवे: उचललेले पाते ट्रकचे मूळ हेडलाइट झाकते, म्हणून हिमनांगरावर उंच जागी स्वतंत्र हेडलाइट असतात.
• ट्रिप यंत्रणा: पाते गटाराच्या झाकणावर किंवा फुटपाथच्या कडेवर आदळल्यास धक्का शोषणारी स्प्रिंगांची व्यवस्था.

ट्रिप यंत्रणेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात संपूर्ण पाते पुढे झुकते. दुसऱ्यात केवळ खालची धार मागे वळते. संपूर्ण पाते झुकल्यास पुढे साचलेला बर्फ पात्याखालून निसटतो, तर केवळ धार वळल्यास तो पात्यासमोरच राहतो. मात्र धारेपेक्षा उंच अडथळा आल्यास दुसऱ्या प्रकारात धक्का थेट चौकटीकडे जातो.

भाराचे गणित

ट्रकच्या दारालगतच्या चौकटीवरील पट्टीवर वाहनाचे कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आसाचा कमाल भार नमूद केलेला असतो. हिमनांगराच्या संदर्भात पुढच्या आसाची मर्यादा सर्वांत महत्त्वाची ठरते.

हिमनांगराचे वजन आसाच्या पुढे असल्यामुळे तरफेचा नियम लागू होतो: पुढच्या आसावर हिमनांगराच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक भार येतो आणि मागच्या आसावरील भार कमी होतो. उदाहरणादाखल, दोन आसांमधील अंतर ४ मीटर असलेल्या ट्रकवर ४०० किलोग्रॅमचा हिमनांगर बसवला आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या १.४ मीटर पुढे असला, तर पुढच्या आसावर ५४० किलोग्रॅम भार वाढतो आणि मागच्या आसावरून १४० किलोग्रॅम कमी होतो.

मागची चाके हलकी झाल्यास ब्रेक लावताना ती घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून मागच्या आसाच्या मागे, पेटीच्या शेवटच्या भागात वाळूच्या पिशव्या किंवा लोखंडी वजने घट्ट बांधून ठेवली जातात. याला प्रतिभार म्हणतात. वरील उदाहरणात मागच्या आसाच्या १ मीटर मागे २५० किलोग्रॅमचा प्रतिभार ठेवल्यास मागच्या आसावर सुमारे ३१२ किलोग्रॅम भार वाढतो आणि पुढच्या आसावरून सुमारे ६२ किलोग्रॅम उतरतो. प्रतिभार मोकळा ठेवल्यास अपघाताच्या वेळी तो केबिनवर येऊन आदळू शकतो.

डिझेल इंजिनाचा परिणाम

अमेरिकेत ‘पाऊण टन’ आणि ‘एक टन’ या पारंपरिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वर्गांतील पिकअप ट्रक पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांसह मिळतात. फोर्ड सुपर ड्यूटी, शेवरोले सिल्वेराडो एचडी आणि रॅम हेवी ड्यूटी ही त्यांतील प्रमुख नावे आहेत. डिझेल इंजिनाची बांधणी उच्च दाब सोसण्यासाठी अधिक भरभक्कम असते. टर्बोचार्जर, मोठा रेडिएटर आणि बहुधा दुसरी बॅटरी यांचे वजनही पुढच्या भागातच येते.

वरील उदाहरणच पुढे नेऊन हा फरक स्पष्ट करता येतो. पुढच्या आसाची मर्यादा २,५०० किलोग्रॅम आहे, पेट्रोल ट्रकच्या पुढच्या आसावर रिकाम्या अवस्थेत १,८०० आणि डिझेल ट्रकच्या आसावर २,०५० किलोग्रॅम भार आहे, तसेच चालक व सहकाऱ्याचा ७५ किलोग्रॅम भार पुढच्या आसावर येतो, असे मानू. हिमनांगर बसवल्यावर पेट्रोल ट्रकचा आकडा २,४१५ होतो आणि मर्यादेत राहतो. डिझेल ट्रकचा आकडा मात्र २,६६५ वर जातो. प्रतिभार ठेवूनही तो सुमारे २,६०० राहतो, म्हणजे मर्यादेपेक्षा १०० किलोग्रॅमने अधिक. अधिक शक्तिशाली इंजिनाचा ट्रक अशा प्रकारे लहान हिमनांगरापुरताच पात्र ठरू शकतो.

मर्यादा ओलांडल्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. बॉल जॉइंट, चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर लवकर झिजतात. थांबण्यासाठी लागणारे अंतर वाढते. जाड स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या बसवल्यास ट्रकचा झुकलेला पुढचा भाग वर येतो. परंतु त्यामुळे आसाची प्रमाणित मर्यादा वाढत नाही, कारण ती आस, बेअरिंग, चाके, टायर आणि स्प्रिंग यांतील सर्वांत दुर्बल घटकावर ठरते.

डिझेल ट्रकची काही वैशिष्ट्ये या कामास अनुकूलही आहेत. पाते उचलताना पंपाची मोटर काही क्षण मोठा विद्युतप्रवाह घेते. दोन बॅटऱ्या आणि मोठा अल्टरनेटर यांमुळे तो सहज पुरवला जातो. कमी फेऱ्यांवर मिळणारा जोरही उपयोगी पडतो. याउलट, सतत मंद वेगाने चालणे आणि एका जागी इंजिन सुरू ठेवणे यांमुळे २००७ नंतरच्या अमेरिकी डिझेल वाहनांतील काजळी-गाळणी लवकर भरू शकते. गाळणीतील काजळी जाळून टाकण्यासाठी वाहन अधूनमधून महामार्गावर काही वेळ चालवणे इष्ट ठरते. उत्सर्जन नियंत्रणासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून त्याच्या टाकीत तापक असतो. कडाक्याच्या थंडीत हिवाळी दर्जाचे डिझेल आणि इंजिन-तापक यांचीही गरज भासते.

कारखान्यातील पूर्वतयारी

ट्रक उत्पादक कंपन्या हिमनांगरासाठी पूर्वतयारीचा संच पर्याय म्हणून देतात. त्यात सामान्यतः अधिक क्षमतेच्या पुढच्या स्प्रिंग आणि मोठा अल्टरनेटर यांचा, काही प्रतिरूपांत छतावरील इशारादिव्यासाठी वायरिंगचाही समावेश असतो. मॉडेलवर्ष, केबिनची लांबी आणि इंजिन यांनुसार या संचाची उपलब्धता बदलते. नवा ट्रक घेतानाच हा पर्याय निवडणे श्रेयस्कर मानले जाते, कारण तो नंतर बसवून आसाची प्रमाणित मर्यादा बदलता येत नाही.

पुढच्या भागाच्या रचनेतही भेद आहेत. फोर्ड सुपर ड्यूटी आणि रॅमच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या जड ट्रकमध्ये पुढे अखंड आस असतो. जनरल मोटर्सच्या जड पिकअपमध्ये पुढची चाके स्वतंत्रपणे टांगलेली असून टॉर्शन बार वापरलेले असतात. दोन्ही रचनांवर हिमनांगर बसवता येतो, मात्र जोडपट्ट्या प्रत्येक ट्रकसाठी वेगळ्या असतात.

बसवण्याची पद्धत

१. वजनकाट्यावर इंधन, चालक आणि नेहमीच्या सामानासह पुढच्या व मागच्या आसाचा भार स्वतंत्रपणे मोजला जातो. हिमनांगर उत्पादकाच्या सारणीत ट्रकचे वर्ष, केबिन आणि इंजिन पाहून योग्य प्रतिरूप निवडले जाते.

२. बंपरखालील हवारोधक पट्टी आणि आवश्यक तेथे ओढण्याचे हूक काढून जोडपट्ट्या चॅसिसला उच्च ताणबलाच्या बोल्टने जोडल्या जातात. सूचनापत्रात सांगितले नसल्यास चॅसिसला वेल्डिंग करणे किंवा नवी भोके पाडणे टाळले जाते, कारण त्यामुळे पोलाद दुर्बल होऊ शकते.

३. विद्युत जोडणीपूर्वी बॅटरीची ऋण तार काढली जाते. डिझेल ट्रकमध्ये दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा काढाव्या लागतात. एकच काढल्यास प्रवाह चालू राहतो.

४. मुख्य रिले, हिमनांगराच्या दिव्यांची वायरिंग आणि केबिनमधील नियंत्रक बसवला जातो. तारा टर्बोचार्जर व एक्झॉस्ट यांच्या उष्णतेपासून दूर ठेवल्या जातात.

५. पाते जोडून ढकलचौकट जमिनीला समांतर येईल अशी उंची ठेवली जाते. चौकट कलती राहिल्यास धारपट्टी असमान झिजते आणि ट्रिप यंत्रणा नीट काम करत नाही.

६. हायड्रॉलिक तेल भरून पाते अनेकदा वरखाली व डावीउजवीकडे हलवले जाते, जेणेकरून अडकलेली हवा निघून जाते.

७. दिव्यांची दिशा जुळवून, प्रतिभार ठेवून दोन्ही आसांचे वजन पुन्हा घेतले जाते. काही तास काम झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळले जातात.

वापर आणि सुरक्षितता

बर्फ सारताना वेग कमी, साधारणतः ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवला जातो. एका कामावरून दुसऱ्या कामावर जातानाही वेगावर मर्यादा घालणे आवश्यक असते. उचललेले पाते रेडिएटरकडे जाणारी हवा अडवते. इंजिनाचे तापमान वाढू लागल्यास वेग कमी करून पात्याची उंची किंवा कोन बदलला जातो.

ताजा कोरडा बर्फ प्रति घनमीटर ५० ते १०० किलोग्रॅम भरतो. ओला, दबलेला बर्फ याच्या कित्येक पट जड असतो. म्हणून मोठ्या हिमवृष्टीत बर्फ पूर्ण साचण्याची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने हटवला जातो. फुटपाथच्या कडा व गटारांची झाकणे बर्फाखाली दिसत नसल्याने हंगामापूर्वी काठ्या रोवून त्यांच्या जागा दर्शवल्या जातात. हिमस्खलनाने भरलेल्या डोंगरी रस्त्यांवर मात्र अशा हिमनांगरांचा निभाव लागत नाही. जोजी ला सारख्या हिमालयीन खिंडींत सीमा सडक संघटना त्यासाठी बुलडोझर आणि बर्फ कापून दूर फेकणारी यंत्रे वापरते.

पाते उचललेल्या स्थितीत त्याखाली काम करणे धोकादायक असते, कारण होज फुटल्यास ते क्षणात खाली येते. दुरुस्तीपूर्वी पाते जमिनीवर टेकवून इंजिन बंद केले जाते.

देखभाल

रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे विद्युत जोड आणि पोलादी भाग गंजतात. प्रत्येक वापरानंतर हिमनांगर धुणे, विद्युत जोडांना विद्युतरोधक ग्रीस लावणे, धारपट्टीची झीज तपासणे आणि वर्षातून एकदा हायड्रॉलिक तेल बदलणे ही नियमित कामे होत. हंगाम संपल्यावर सिलिंडरचे उघडे दांडे ग्रीसने झाकले जातात. पाते आणि प्रतिभार दोन्ही काढून ठेवल्याने वसंत व उन्हाळ्यात पुढच्या आसावरील अनावश्यक भार टळतो.

हेही पाहा

• पिकअप ट्रक
• डिझेल इंजिन
• हिमवृष्टी