अमेरिकेतील नर्सिंग होमचे तारे आणि पगारपत्रकाचा काटा

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा छोटा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. स्वतःच्या हाताने जेवूही न शकणारी म्हातारी व अपंग माणसे जेथे वर्षानुवर्षे राहतात, ते नर्सिंग होम. तेथे अशी सुमारे १५ हजार घरे आहेत. बहुतेक नफ्यासाठी चालतात आणि खर्चाचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून येतो.

डिसेंबर २००८ पासून तेथील केंद्र सरकार या घरांना एक ते पाच तारे देते. सरकारी निरीक्षकांची अचानक तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांची प्रकृती, अशा तीन बाबी पाहिल्या जातात. सुरुवातीस यांपैकी फक्त पहिली बाब बाहेरचा माणूस पाहत असे. बाकी दोन मालकाने लिहून दिलेल्या आकड्यांवर चालत. कर्मचाऱ्यांचा आकडा तर तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांचाच घेतला जाई. तपासणी वर्षभरात केव्हातरी येणार हे ठाऊक असलेला मालक त्या सुमारास माणसे वाढवू शकत होता. दुकानदाराने आपल्या मालाचे वजन आपणच सांगावे आणि गिऱ्हाइकाने मान डोलवावी, असाच हा व्यवहार.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०१५ च्या सुरुवातीस रुग्णांच्या प्रकृतीच्या बाबतीत सुमारे ८० टक्के घरांकडे चार किंवा पाच तारे होते. त्या फेब्रुवारीत सरकारने कसोटी कडक केली आणि हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. एका दिवसात सेवा बिघडली नव्हती. काटा तेवढा बदलला होता.

खरा बदल मात्र पगारपत्रकाने केला. १ जुलै २०१६ पासून कोण किती तास कामावर होता, याचा पगाराशी जुळणारा हिशेब दर तिमाहीस देणे सक्तीचे झाले, आणि एप्रिल २०१८ पासून तारे त्यावरून ठरू लागले. ज्या माणसाला पगारच दिला नाही, तो कामावर होता असे कसे दाखवणार? २०१९ पासून तिमाहीत चार दिवस नोंदणीकृत परिचारिका नसली तरी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एकच तारा मिळू लागला. शनिवार-रविवारी माणसे कमी असतात हेही उघड झाले. म्हणून जुलै २०२२ पासून सुट्टीच्या दिवसांची हजेरी आणि वर्षात किती जण नोकरी सोडून गेले, हेही मोजले जाते. म्हाताऱ्याची तहान काही रविवारची सुट्टी घेत नाही!

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून खालचा ओला माल उघडा केला होता, हे आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊकच आहे. पगारपत्रक मागणे हा त्याच जातीचा उपाय होय.

तरी ढिगाचा काही भाग अजून झाकलेलाच आहे. रुग्णांच्या प्रकृतीचे बरेच आकडे आजही मालकच देतात. शांत ठेवणारी मनोविकाराची औषधे जास्त दिली की गुण कमी होतात. पण रुग्णाला स्किझोफ्रेनिया असल्यास ती मोजली जात नाहीत. तेव्हा काही घरांनी कागदावर हा आजार लिहिण्यास सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने या नोंदी तपासण्याचे जाहीर केले. नोंद खोटी निघाल्यास या बाबतीत सहा महिने एकच तारा.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. तपासणीचे तारे प्रत्येक राज्यात आपापसांत तुलना करून दिले जातात; वरच्या १० टक्क्यांना पाच, खालच्या २० टक्क्यांना एक. म्हणजे एका राज्याचे पाच तारे आणि दुसऱ्या राज्याचे पाच तारे हा एकाच प्रतीचा माल नव्हे.

महाराष्ट्रात तारे नाहीत. येथील नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते, आणि जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक व रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. रविवारी रात्री किती परिचारिका असतात, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. ते काउंटरवर विचारावे लागते.