घरी राहून दहावी : दिवसाची आखणी



दर अंकात आम्ही लागण, खते आणि पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्याच बांधावरचा आहे. लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका वस्तीवर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दारं धरताना दिसला. शाळेचे विचारले तर वडीलच म्हणाले, "नववीत सोडली, साहेब. आता सतरा नंबरनं घरीच दहावी करतो म्हणतोय. पण पुस्तक उघडलेलं काय दिसंना!"

सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांचा अर्ज. पाचवी पास झालेला आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण केलेला, पण शाळा सुटलेला मुलगा या अर्जावर थेट दहावीला बसू शकतो. तोंडी व प्रात्यक्षिकासाठी त्याला एका शाळेशी जोडून दिले जाते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. तिथेही चौदा वर्षे पूर्ण लागतात, मराठीतून परीक्षा देता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सुटलेला विषय सुटलेलाच धरतात. मात्र चौदाच्या आतल्या मुलाला "घरीच शिकेल" म्हणून ठेवून घेऊ नये. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, आणि त्या वयाच्या मुलाची जागा शाळेतच आहे.

आता आखणीकडे वळू. आमचा स्वतःचा अनुभव आधी सांगतो, कारण तो फसलेला आहे. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही चिरंजीवांसाठी मोठ्या कागदावर वेळापत्रक केले. पहाटे पाचला उठणे, साडेपाचला गणित, सातला विज्ञान, असे रात्री दहापर्यंत. लाल-निळ्या शाईने रेघा मारून भिंतीला चिकटवले. आठवडाभरात ते मोडले. त्यात वैरण नव्हती, पाहुणे नव्हते, रात्रीची लाइट नव्हती आणि मुलाची झोपही नव्हती. पिकाचे वेळापत्रक आम्ही पाणी बघून करतो, पोराचे मात्र हवेत केले होते.

चालणारी आखणी पाहायला मिळाली ती फार लांब, गडचिरोली जिल्ह्यात. आमचे साडू त्या भागात नोकरीला होते, म्हणून 2022 च्या दिवाळीत आम्ही एटापल्ली तालुक्यात गेलो. सूरजागडच्या डोंगराखाली, जंगलातल्या एका गावात, त्यांच्या ओळखीच्या माडिया घरात एक मुलगी सतरा नंबरची तयारी करत होती. 2020 च्या मार्चमध्ये आश्रमशाळेचे वसतिगृह बंद झाले तेव्हा ती सातवीत होती. घरी आली ती परत गेलीच नाही. घरात माडिया बोलणार आणि पुस्तक मराठी. म्हणजे आपल्या मुलांपेक्षा तिला एक पायरी जास्तच. मोबाइलला रेंज नाही, वीज येऊन-जाऊन.

तिच्या घरात घड्याळ होते, पण वेळापत्रक घड्याळावर नव्हते. गावच्या मास्तरांनी तिला कामाला कामाची गाठ मारून दिली होती. पाणी भरून झाले की गणिताची पाच उदाहरणे. गुरे रानात गेली की विज्ञानाचा एक धडा. वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि आठवेल ते वहीत लिहायचे. दुपारी जेवणानंतर काही नाही. संध्याकाळी चूल पेटली की मराठी मोठ्याने वाचायचे. ऐकायला आजी! एखाद्या दिवशी पाणी उशिरा आले तर गणितही उशिरा, पण चुकत नसे. दर रविवारी आठवडाभराच्या वह्या पुन्हा पाहायच्या. वाचलेले पहिल्या काही दिवसांतच भराभर विसरते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 सालीच मोजून दाखवले आहे. आपण नांगे भरायला उशीर करत नाही, तसेच हे.

पण खरी अडचण मार्चची होती. दहावीचे पेपर आणि मोहफुलांचा हंगाम तिथे एकत्र येतात. पहाटे फुले पडतात, ती उन्हाच्या आत वेचावी लागतात, आणि त्या घरांना रोख पैसा देणारे जे थोडे हंगाम आहेत त्यांतला हा एक. आम्ही वडिलांना विचारले, तेव्हा काय करणार? ते म्हणाले, झाडाखाली एक माणूस कमी. एवढेच बोलले. त्यांनी ते दिवाळीतच ठरवून टाकले होते.

आमचे वेळापत्रक कुठे चुकले ते आम्हाला तिथे कळले. वेळापत्रक मुलाचे नसते, घराचे असते. मुलाच्या हातातले कोणते काम कोण घेणार हे ठरल्याशिवाय रेघा मारण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हे असे करता येईल. आठवड्याची वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची असते. म्हणून दोन आखण्या ठेवा. रात्रपाळी शक्य तो मोठ्यांनी धरावी. मुलाला धरावी लागलीच तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठवू नका. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात झोप मुळातच उशिरा येते. तो आळस नव्हे. दिवसातून पाऊण-पाऊण तासाच्या चार बैठकी पुरे आहेत. अवघड विषय ताज्या डोक्याने, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती एकदा उतरवून घेतली की रेंज लागत नाही. तोड आली, लग्न निघाले, तर तो दिवस सोडून द्या, फक्त एक बैठक ठेवा. साखळी तुटता कामा नये. आणि जानेवारीपासून मागच्या प्रश्नपत्रिका पेपराला असतो तेवढा पूर्ण वेळ बसून, घड्याळ लावून सोडवून घ्या. इथे मात्र घड्याळ हवेच.

ती मुलगी 2023 च्या मार्चला बसली. गणित राहिले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तेही निघाले, असे साडूंनी फोनवर कळवले.

वस्तीवरच्या त्या वडिलांना आम्ही हे सगळे सांगितले. ते बराच वेळ पाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रात्रीचं पाणी मी धरतो. पण दिवसाचं?" धाकट्या भावाशी बोलतो म्हणाले. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते आणि ती निघून गेली की वर्ष जाते. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड आधीच काढून ठेवा. अर्ज भरताना अडचण आली तर गट कार्यालयात या, आम्ही भरून देऊ.