गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर : ऊसतोड महिला आणि संप्रेरकांची उणीव

ऊस तोडणीचा हंगाम सुरू होताच बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी मजुरी बुडून वर दंड भरावा लागतो. कोपीजवळ शौचालय नसते, पाणी अपुरे असते. अशा स्थितीत अतिरक्तस्राव, अंगावर पांढरे जाणे किंवा ओटीपोटातील दुखणे सुरू झाले की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेचा मार्ग वाटतो.

या प्रश्नाच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हे प्रमाण सहा महिलांमागे एक असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये ते सुमारे ३ टक्के होते.

गर्भाशय आणि अंडाशय

गर्भाशय व अंडाशय हे भिन्न अवयव आहेत. मासिक स्राव गर्भाशयातून होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मात्र प्रामुख्याने अंडाशयात तयार होते. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण संप्रेरकांची निर्मिती चालू राहते. तथापि अंडाशयाचा रक्तपुरवठा कमी होऊन रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच झपाट्याने उतरते. भारतीय स्त्रीची नैसर्गिक रजोनिवृत्ती साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी येते. येथे ती तिशीतच ओढवते.

उणिवेचे परिणाम

अंगातून अचानक गरम वाफा येणे, रात्री घाम, निद्रानाश, चिडचिड, योनिमार्गाचा कोरडेपणा व वारंवार मूत्रसंसर्ग ही प्रारंभीची लक्षणे होत. दिवसभराच्या श्रमाचा थकवा समजून त्यांकडे दुर्लक्ष होते. अधिक गंभीर परिणाम हाडांवर होतो. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरते. ते नाहीसे झाल्यावर पहिल्या काही वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते. दीर्घकाळात हृदयविकाराचा धोकाही वाढतो. जी स्त्री ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तिच्या कणा व खुब्यासाठी ही उणीव विशेष घातक ठरते. खाडा टाळण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया अशा रीतीने तिची श्रमशक्तीच हिरावून घेऊ शकते.

शस्त्रक्रियेपूर्वी

कर्करोग, उपचारांना न जुमानणारा रक्तस्राव किंवा त्रासदायक मोठ्या गाठी असल्यास शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते. परंतु संसर्गावर प्रतिजैविके, अतिरक्तस्रावावर गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबी असे पर्याय आहेत. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय रुग्णालयात करून घेता येते. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत २०१९ मध्ये लागू झाली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले.

विस्तार कार्यकर्ते व ऊस उत्पादकांसाठी

• शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेण्यास सांगावे. ‘अंडाशये ठेवणार की काढणार?’ हा प्रश्न तिने आवर्जून विचारावा.

• शस्त्रक्रिया झालेल्या महिलेने रुग्णालयाचे कार्ड जपून ठेवावे. कोणते अवयव काढले, याची नोंद पुढील उपचारांचा आधार असते.

• पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये काढली असल्यास संप्रेरक उपचारांविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचे विकार असल्यास ते सहसा देत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

• नाचणी, तीळ, राजगिरा, दूध व डाळी आहारात असाव्यात. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने ठरवावी. आहाराने हाडांना आधार मिळतो; संप्रेरकाची उणीव मात्र भरून निघत नाही.

• अशा महिलेला मोळी वाहण्याऐवजी पाचट काढणे किंवा मोळी बांधणे अशी कामे द्यावीत. मोळीचे वजनही कमी ठेवावे.

• तोडणीच्या काळात फडाजवळ पिण्याचे पाणी, आडोसा व तात्पुरते शौचालय उपलब्ध करावे. पाळीच्या दिवसांतील सुट्टीसाठी दंड आकारला जाणार नाही, हे मुकादमाशी करार करतानाच ठरवून घ्यावे.

हंगामातील सुमारे सहा महिने ही स्त्री आपल्या गावच्या आरोग्यसेविकेपासून दूर असते. त्या काळात तिच्या सर्वांत जवळ असतो तो उसाचा मालक आणि शिवारात फिरणारा विस्तार कार्यकर्ता. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता व तपासणीचा वार त्यांनी तोडणीच्या पहिल्याच दिवशी टोळीतील महिलांना सांगितला, तर अनेक शस्त्रक्रियांचा निर्णय घाईने होणार नाही.