सायलेन्सर कापला, कान कोणाचा गेला?

अलीकडे नवी गाडी घेतली की काही तरुण ती शोरूममधून थेट गॅरेजवर नेतात. कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढायचा किंवा कापून सरळ नळी जोडायची आणि गाडी गुरगुरायला लावायची. बुलेटची पुंगळी काढणे आता जुने झाले. हे लोण कारपर्यंत आले आहे. हा विषय पोलिसांचा आणि आर.टी.ओ.चा, डॉक्टरांनी त्यात कशाला पडावे, असे काही वाचकांना वाटेल. पण या हौसेचे रुग्ण शेवटी आमच्याकडेच येतात.

सायलेन्सर हा नुसता पत्र्याचा डबा नव्हे. इंजिनातील प्रत्येक स्फोटानंतर जळलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. डब्यातील कप्पे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या यांवर आवाजाच्या लहरी आपटतात, उलट फिरतात आणि एकमेकींचा जोर मोडतात. डबा कापला की तो सगळा जोर मोकळा सुटतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि इथेच सामान्य माणूस फसतो. २००५ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार नव्या प्रवासी कारचा आवाज चाचणीत ७४ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. फेरफारानंतर तो ९४ झाला, तर वाढ फक्त २० ची दिसते. प्रत्यक्षात आवाजाची ऊर्जा शंभरपट होते. म्हणजे तशा शंभर गाड्या एकदम दारावरून गेल्यासारखे झाले. आपल्याला मात्र तो आवाज साधारण चौपटच वाटतो. त्यामुळे ‘एवढे काय झाले’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याचा कानच त्याला खरा हिशेब सांगत नाही.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. या पेशी आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. त्वचा खरचटली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते. माणसाची केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. गोळ्या, इंजेक्शने, कानात घालायचे तेल, कशाचाही तिथे उपयोग नाही.

गेल्या वर्षी गॅरेजमध्ये काम करणारा एक विशीतला मुलगा माझ्याकडे आला. रात्री निजल्यावर कानात रातकिडे ओरडतात, ही त्याची तक्रार. सोबत आई होती. ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, हाक मारली तर ओ देतो, पण सांगितलेले नीट कळत नाही. साठ म्हटले की आठ ऐकतो.’ कानात मळ नव्हता, पडदा शाबूत होता. कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणचाचणी केली, तेव्हा आलेखात ४००० हर्ट्झजवळ खोल खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही ठरावीक खूण आहे. आधी उंच पट्टीचे ऐकणे जाते. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे निसटू लागतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते.

काम काय करतोस, असे विचारले. गिऱ्हाईक आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबते आणि हा मागे नळीशी बसून आवाज जमला की नाही ते सांगतो. त्या जागी आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ही कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० वर ती जेमतेम १५ मिनिटे उरते. या मुलाकडे स्वतःची फक्त सायकल आहे. हौस दुसऱ्याची, कान याचा गेला. उरलेले ऐकणे टिकवण्याचे उपाय मी सांगितले. गेलेले परत आणणे माझ्या हाती नव्हते.

दुसरे दुखणे झोपेचे. डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. रात्री अशी गाडी गेली की झोपलेल्या माणसाचीही नाडी आणि रक्तदाब क्षणभर वाढतो, मग त्याला जाग येवो न येवो. रस्त्यावरील वाहनांचा सततचा गोंगाट आणि हृदयविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवला आहे. बाळंतीण, तान्हे मूल आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन घरी आलेला रुग्ण यांना तर झोप हेच औषध असते.

तिसरा धोका गाडीत बसणाऱ्यालाच. कापलेल्या नळीचा जोड कच्चा राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंडीत काचा बंद करून तोरणमाळच्या घाटात निघालात आणि सगळ्यांचेच डोके दुखू लागले, मळमळ किंवा गुंगी आली, तर गाडी लागली असे समजून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, दारे उघडून मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना दाखवा.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजाचे निकष मोडून गाडी चालवणाऱ्यास, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. चिरडलेला सायलेन्सर नवा मिळतो, एवढे लक्षात ठेवावे.

आता करायचे काय? मूळ सायलेन्सर घरी पडला असेल, तर तो परत बसवून घ्या. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजा. गॅरेजमालकांनी पोरांना कान झाकणारे इअरमफ घेऊन द्यावेत, कापसाच्या बोळ्याने भागत नाही. मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कानात दडा बसला किंवा शीळ वाजू लागली, तर तो धोक्याचा इशारा आहे. एक-दोन दिवसांत बरे वाटले तरी तो विसरू नका. बरे वाटले नाही, तर श्रवणचाचणी करून घ्या. ऐकू येणे एकदम अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.