पट्टी कुठून धरलीत?

प्रयोगशाळेत शिरलो, चहा झाला, की मी विचारतो, “अंतर मोजताना पट्टी कुठून कुठवर धरता?” फाइली नंतर.

निवृत्तीनंतर मी कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळा तपासायला जातो. हॉस्पिटलात, कारखान्यात किरणोत्सार मोजायचा सर्व्हे मीटर असतो. तो खरं सांगतो की नाही, हे या प्रयोगशाळा बघतात. आणि त्यांना ते काम जमतं की नाही, हे बघते एनएबीएल ही संस्था. आयएसओ १७०२५ या मानकाला धरून तपासणी होते, मगच अधिस्वीकृती.

काम दिसायला सोपं. शिशाच्या जाड भांड्यात सिझियम-१३७, समोर रुळांवर ढकलगाडी, तिच्यावर मीटर. ठरावीक अंतरावर मात्रा किती, हे आधीच माहीत असतं. मीटर किती दाखवतो ते लिहायचं. पण अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटर चुकलं तरी २ टक्क्यांचा फरक. एका ठिकाणी पोरगा मीटरच्या डब्याच्या तोंडापर्यंत मोजत होता. किरणं टिपणारा शोधक आत ४ सेंटिमीटरवर! चांगला मीटर साडेसात टक्के कमी दाखवतो, असं प्रमाणपत्र गेलं असतं. पोरगा हुशार, डब्यावरची मध्याची बारीक खूण त्यानेच मला दाखवली आणि कपाळाला हात लावला.

सिझियमही दरवर्षी सुमारे २.३ टक्के ओसरतं. जुनाच आकडा धरून बसलेले मी पाहिले आहेत. हवेचंही तसंच. मीटरमधला आयनीकरण कक्ष उघडा असेल, तर मुंबईत बरोबर असलेला मीटर पुण्यात सहाएक टक्के कमी दाखवतो, कारण घाटावर हवा विरळ. तापमान-दाबाची दुरुस्ती केली नाही, तर वातानुकूलित खोलीचा काय उपयोग?

प्रयोगशाळेचं स्वतःचं संदर्भ उपकरणही कुणीतरी तपासलेलं लागतं. आपल्याकडे ती साखळी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पोचते. किरणोत्साराची राष्ट्रीय मानकं तिथे सांभाळली जातात. मधली एक कडी सुटली, तर पुढचे आकडे ऐकीव.

‘आमचं शंभर टक्के अचूक’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. आकड्यापुढे ‘अधिक-उणे इतकं’ लिहून ते कसं काढलं हे सांगणारा माणूस मला पटतो.

तुमच्या विभागात असा मीटर असेल, तर नुसता स्टिकर आणि तारीख बघू नका. प्रयोगशाळेच्या अधिस्वीकृतीची व्याप्ती मागवून घ्या. तापमापकासाठी मिळालेली अधिस्वीकृती किरणोत्साराच्या मीटरला चालत नाही.